सोवळ्यातली मोटार

सोवळे फक्त देवघरात असते असा कुणाचा समज असेल तर त्याने अमेरिकेतल्या मोटारखान्यांत एकदा डोकावून यावे. १९६४ सालापासून पुढची सात-आठ वर्षे त्या देशात ज्या दांडग्या मोटारी निघाल्या, ज्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, त्यांतली एखादी गंजलेली गाडी कुणी कामगार, कुणी मास्तर, कुणी आपल्याकडून जाऊन तिकडे स्थायिक झालेला इंजिनिअर विकत घेतो, घराच्या गॅरेजात उभी करतो आणि रात्री-रविवारी खपून तिला पुन्हा चालती करतो. येथवर सारे कौतुकच. पण त्याने जुने ब्रेक काढून नवे बसवले, की शुद्धतेचे उपाध्ये धावून येतात. गाडी बाटली! इंजिनावरचा आकडा गाडीच्या आकड्याशी जुळला पाहिजे, रबरी नळीची पकड त्याच सालची पाहिजे, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्याच कारखान्याची पाहिजे. नाही जुळले, तर त्या गृहस्थाची सारी मेहनत पंक्तीबाहेर!

हे सोवळे मी मानीत नाही. ते इतिहासाला धरून नाही, प्रसंगी माणसाच्या जिवावर उठते, आणि गरिबाला तर मुळीच परवडत नाही.

आधी इतिहास पाहू. या मोटारींच्या कुळाची मूळ गाडी म्हणून बहुतेक जण पाँटिअ‍ॅकच्या ‘जीटीओ’चे नाव घेतात. पाँटिअ‍ॅक ही जनरल मोटर्सची शाखा. आणि मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सोबतच्या इंजिनिअरांनी मोठ्या मोटारीचे ३८९ घनइंचांचे इंजिन उचलून मध्यम गाडीच्या पोटात बसवले. दंडक चुकवण्यासाठी तिला स्वतंत्र गाडी न म्हणता सुमारे २९६ डॉलर जादा भरून मिळणारी सोय म्हणून यादीत घातले. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या. निदान नाव तरी स्वतःचे असावे? तेही इटलीतल्या फेरारीच्या गाडीवरून उचललेले! म्हणजे जिच्यात बदल करणे पाप, ती गाडी मुळात स्वतःच एक बदल आहे. आणि तोही नियम मोडून केलेला. शिवाय जुन्या गाड्यांची इंजिने उलगडून त्यांना वेग आणणारी दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मंडळी १९३७ साली आपली संघटना बांधून मोकळी झाली होती. परंपराच सांगायची तर बदल करणे हीच इथली परंपरा.

आता या सोवळ्यातली खरी गंमत ऐका. त्या काळच्या कारखान्यांतून निघालेल्या गाड्यांचा रंग काही आरशासारखा नसे. दारांच्या फटी कमी-जास्त असत, रंगावर संत्र्याच्या सालीसारखे खडबडे राहत. आज प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळवणारी ‘अस्सल’ गाडी मात्र अशी गुळगुळीत असते, की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा! असा रंग त्या गाडीने जन्मात पाहिलेला नसतो. त्याला कुणी बाटगेपणा म्हणत नाही. नटण्यासाठी केलेला बदल चालतो. जगण्यासाठी केलेला चालत नाही.

आणि प्रश्न जगण्याचाच आहे. पहिल्या जीटीओत ३२५ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. उतारावर ब्रेक पुन्हापुन्हा दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते आणि पायाखालचे पेडल खाली खाली जाते. त्याहून वाईट म्हणजे चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एखादी नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले! दोन कप्प्यांचा सिलिंडर आला तो १९६७ च्या गाड्यांत, आणि त्याच साली पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक खुद्द पाँटिअ‍ॅकनेच जादा पैशांत देऊ केले. पुढच्या सीटवर खांद्यावरून येणारा पट्टा १९६८ पासून तिथल्या कायद्याने सक्तीचा झाला. तेव्हा १९६४ च्या गाडीला कुणी घरी बसून दुहेरी सिलिंडर, डिस्क ब्रेक आणि खांद्याचे पट्टे लावले, तर त्याने कोणता अधर्म केला? तीन-चार वर्षांत कंपनीला जे शहाणपण आले, तेच त्याने उशिरा अंगीकारले, इतकेच.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. आजीचे पितळी पातेले आपण जिवापाड जपतो. पण कल्हई उडाली की कल्हईवाल्याकडे नेतो. मूळची कल्हई अस्सल म्हणून तशाच पातेल्यात आमटी शिजवली, तर ती कळकेल आणि घरचे आजारी पडतील. पातेले आजीचे, कल्हई आजची. मोटारीचे ब्रेक, टायर, पट्टे ही तिची कल्हई होय. व्हॉल्व्हच्या बैठकांचेही तेच. त्या काळच्या पेट्रोलात शिसे असे, त्यामुळे त्या बैठका झिजत नसत. तसले पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना १९९६ पासून बंद झाले. आता ही गाडी दामटून चालवायची तर कडक धातूच्या बैठका बसवणेच शहाणपणाचे.

उरला पैशाचा मुद्दा. १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत जीटीओ ही नुसती जादा सोय असल्याने गाडीच्या नोंदणी आकड्यावरून ती जीटीओ आहे की साधी ‘लमाँ’, हे कळतच नाही. मग काय? साध्या गाडीला जीटीओची चिन्हे चिकटवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे निघाले. इंजिनावर खोटे आकडे ठोकणारे निघाले. सोवळे जितके कडक तितका चोरून होणारा विटाळ जास्त, हा अनुभव आपल्याला नवा नाही. अशा आकड्यांपायी किमती चढतात, आणि जी गाडी कामगाराच्या पोराने हप्त्याने घ्यावी म्हणून निघाली, ती धनिकाच्या कोठारात चादरीखाली जाऊन पडते.

कुणी म्हणेल, ‘मास्तर, मग काय वाटेल ते कापावे आणि वाटेल ते जोडावे?’ मुळीच नाही. नवे इंजिन कोंबण्यासाठी चांगला सांगाडा करवतीने कापणारा हौशी मला त्या उपाध्यांइतकाच नावडतो. माझा नियम साधा आहे: जिवाशी संबंध असेल ते बदला, आठवणीशी संबंध असेल ते ठेवा. बदल असा करा की बोल्ट काढून परत फिरता येईल. काढलेला भाग चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. काय बदलले ते वहीत लिहा आणि गाडी विकताना ती वही घेणाऱ्याच्या हाती द्या. काम ब्रेकपासून सुरू करा, रंगाचा नंबर शेवटचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका; पक्के टेकू द्या. जुन्या लायनरची धूळ फुंकरीने उडवू नका. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

या नियमाला पुरावा हवा असेल तर ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातली हिरवी मस्टँग पाहा. १९७४ साली ती एका साध्या कुटुंबाने घेतली, आणि घरची बाई तीतून शाळेत शिकवायला जात असे. पुढे ती अनेक वर्षे बंद पडून होती. मुलाने ती चालती केली, पण नवा रंग दिला नाही. पोचे आणि गंज तसेच ठेवले. २०२० च्या जानेवारीत लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली. चित्रपटाची पुण्याई खरीच. पण चकचकीत रंगावाचून कुणाचे काही अडले नाही.

आपल्याकडे नियम निराळे आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. तिच्या व्याख्येत गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत बदल नको, असे नावे घेऊन सांगितले आहे. ब्रेकचे नाव त्यांत नाही! तरीही वाड्याच्या अंगणातल्या जुन्या गाडीला पाना लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे हे बरे.

पण विचारून झाल्यावर पाना जरूर लावा. गाडी नातवंडांना बसवून गावाबाहेर नेण्यासाठी आहे. ती वेळेवर थांबली नाही, तर इंजिनावरचा जुळलेला आकडा कुणाच्याही उपयोगी पडणार नाही.