दिवसाही दिवा हवाच

चेन्नईच्या अण्णा सालईवर भर दुपारी कुणी दिवा लावून दुचाकीवरून निघाले, की समोरचा आजही बोटांची उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ असे खुणावतो. हेतू भला आहे, पण ही खूण आता थांबायला हवी. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो, तो बंद ठेवण्याची सोयच नाही. मलेशियाने दुचाकींना दिवसा दिव्याची सक्ती 1992 मध्येच केली.

समोरून येणारी दुचाकी अरुंद दिसते. तिचे अंतर, तिचा वेग यांचा अंदाज चुकतो आणि उजवीकडे वळणारा मोटारचालक थेट तिच्यापुढे गाडी घालतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची. दिव्याने सगळी वाचली नसती, काही नक्की वाचली असती.

नोव्हेंबरच्या पावसात ईस्ट कोस्ट रोडवर काळ्या रेनकोटमधला स्वार जवळ येईपर्यंत दिसत नाही. जुन्या गाड्यांचे दिवे तमिळनाडू सरकारने मोहीम काढून तपासावेत. नव्या गाड्यांना दिवा बंद करण्याची बटणे बसवून देणाऱ्या गॅरेजांवर कारवाई व्हावी. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्याचा कोनही त्याच तपासणीत नीट करून द्यावा.