खोली घेणे सोपे, सांभाळणे अवघड

आपला कारागीर आणि छोटा व्यापारी दोन पैसे शिल्लक पडले की ते कोठे ठेवतो? व्याज नको म्हणून तो मुदतठेवीकडे जात नाही. शेअर बाजार त्याला कळत नाही. धंद्यात आणखी घालावे तर मंदीची भीती. शेवटी तो म्हणतो, "एक खोली घेऊन टाकू. भाडे येत राहील, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही." भिवंडीचा लूमवाला असो, मालेगावचा रंगारी असो की मुंब्र्याचा शिलाई मास्तर, हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी आहे.

विचार वाईट नाही. भाडे ही हलाल कमाई आहे. परंतु घरबसल्या मिळणारी कमाई अशी जी समजूत आहे, ती मात्र साफ चुकीची आहे. भाड्याची खोली हा दुसरा धंदा आहे. तो धंद्यासारखा केला नाही तर पहिल्या धंद्याचे भांडवलही तो खातो.

आधी हिशेब पाहू. समजा, पंधरा लाखांची खोली घेतली आणि महिना ६,००० रुपये भाडे ठरले. दलाल सांगतो, वर्षाचे ७२,००० आले, म्हणजे जवळजवळ पाच टक्के सुटले. आता खरा हिशेब मांडा. सात टक्के मुद्रांक शुल्क धरले तर १,०५,०००, नोंदणी फी १५,०००, दलाली ३०,०००, रंग व किरकोळ दुरुस्ती ३०,०००. खोली पडली १६,८०,००० रुपयांना. वर्षात एक महिना ती रिकामी राहिली तर भाडे आले ६६,०००. त्यातून घरपट्टी, नळपट्टी व देखभाल १२,०००, मोडतोड ६,००० आणि नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे ६,००० वजा करा. हातात राहिले ४२,०००, म्हणजे अडीच टक्के. हा आकडा पाहूनही खोली घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या. पण पाच टक्क्यांच्या स्वप्नावर घेऊ नका. आणि सूत, कापड किंवा चामडे उधारीवर आणून नगद पैसा भिंतीत अडकवू नका. भिंत एका दिवसात विकली जात नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. खोली स्वस्त मिळते तेव्हा ती स्वस्त का आहे, हे विचारण्याचे धैर्य आपण दाखवत नाही. मंजूर नकाशा नसलेल्या इमारतीत खोली निम्म्या किमतीत मिळते. घरपट्टीची पावती आणि विजेचे मीटर दाखवून दलाल म्हणतो, "सगळे कायदेशीर आहे." घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत पहाटे झोपेत असलेल्या कुटुंबांवर इमारत पडली, तेथेही पस्तीसहून अधिक माणसे मेली. अशी खोली भाड्याने देणारा स्वतः तेथे झोपत नाही, दुसऱ्याची मुले झोपतात. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

वारसाहक्काच्या खोलीत आणखी सावध राहावे. वडील वारले, मोठा मुलगा खोली विकतो, आपण त्याची सही घेऊन पैसे मोजतो. पण शरियतप्रमाणे बहिणींचा आणि आईचाही हिस्सा आहे. एका भावाची सही त्याच्या हिश्श्यापुरतीच चालते. दहा वर्षांनी बहिणीने दावा लावला तर चूक तिची नसते, घाई करणाऱ्या खरेदीदाराची असते. सर्व वारसांच्या सह्या घ्या. जमीन वक्फची नाही ना, तेही तपासा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मागच्या खरेदीखतांची सूची दोन पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पागडीच्या खोलीबद्दलही गैरसमज आहे. पागडी देणारा मालक होत नाही, तो भाडेकरूच राहतो. पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी घरमालकाने दिलेली नसेल आणि आपण ती खोली दुसऱ्याला दिली, तर खोली खाली करून घेण्याचे कारण आपणच त्याच्या हाती देतो. गुंतवणूक म्हणून पागडी घेणाऱ्यांनी हे आधी वकिलाला विचारावे.

आता कराराकडे येऊ. आमच्या मोहल्ल्यातील एका शिलाई मास्तरांनी मित्राच्या साडूला खोली दिली. "घरचाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचे?" दोन वर्षे भाडे आले, तिसऱ्या वर्षी बंद झाले. मास्तरांनी रागाने नळ तोडला आणि उलट त्यांच्यावरच तक्रार झाली. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करणे हा कायद्याने गुन्हा आहे. खोली गेली कोर्टात आणि दोस्ती गेली ती गेलीच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात खोटी आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चही मोठा नाही: लिव्ह अँड लायसन्स करारावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर नोंदणीकृत करारामुळेच सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येते.

आणि आपल्याला तर हे कोणी सांगण्याची गरजच पडू नये. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही आज्ञा सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे, ते दोघांचेही रक्षण आहे.

डिपॉझिटबद्दल दोन शब्द. "हेवी डिपॉझिट"ची पद्धत आपल्या वस्त्यांत फार आहे. मालक तीन-चार लाख घेतो, भाडे घेत नाही आणि ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा धंद्यात खर्च करून टाकतो. भाडेकरू निघतो तेव्हा परत द्यायला पैसे नसतात. मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या पैशातून जुन्याचे भागवले जाते. डिपॉझिट ही अमानत आहे, कमाई नव्हे. डिपॉझिटच्या बदल्यात फुकट राहणे शरियतच्या दृष्टीने कसे आहे, तेही आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

शेवटी भाडेकरूचा विचार. दुरुस्ती करून देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गळके छत तसेच ठेवून भाडे मागायला पहिल्या तारखेला दारात उभे राहणे शोभत नाही. महिन्याच्या भाड्यातला थोडा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवा, भाड्याची पावती द्या, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवा. खोली सोसायटीत असेल तर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागू शकत नाही, हेही माहीत असू द्या.

शहरात खोली शोधताना नाव ऐकून "खोली नाही" हे उत्तर आपल्यापैकी कितीतरी जणांनी ऐकले आहे. त्या रात्री कसे वाटले होते ते आठवा. आज आपल्या हातात किल्ली आहे. विधवा म्हणून, परगावचा म्हणून, दुसऱ्या जमातीचा म्हणून आपणही कोणाला दारातून परत पाठवणार असू, तर मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची? कागद पक्का ठेवा, हिशेब खरा ठेवा आणि माणसाशी माणसासारखे वागा. बरकत असेल तर ती याच मार्गाने येईल.