लेसरआधीचा तासभर मुलाच्या हक्काचा

चेहऱ्यावरचा जन्मजात लाल-जांभळा डाग, ज्याला डॉक्टर पोर्ट-वाईन स्टेन म्हणतात, दर हजार बाळांपैकी साधारण तिघांना असतो. तो आपोआप जात नाही, मुलाबरोबर वाढतो. पल्स्ड डाय लेसरने बराच फिका होतो, पण त्यासाठी अनेकदा यावे लागते. लेसरचा प्रत्येक फटका ताणलेले रबरबँड कातडीवर सपकन बसावे तसा लागतो. मोठी माणसे दातओठ खाऊन सोसतात. दोन वर्षांच्या पोराला मात्र तिघेचौघे धरून ठेवतात आणि पुढच्या खेपेला ते दवाखान्याच्या दारातच आक्रोश करते.

‘दाबून धरा, पाच मिनिटांचे काम आहे’ हे आता थांबायला हवे.

तान्ह्या बाळांना फारसे दुखत नाही, हा समज 1980च्या दशकापर्यंत डॉक्टरांमध्येही होता. तो मोडणाऱ्यांत इंदूरच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजित आनंद आघाडीवर होते. पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केली, तर अकाली जन्मलेल्या बाळाच्या शरीरावर कितीतरी अधिक ताण येतो, हे त्यांनी 1987 मध्ये दाखवले. त्याच दशकात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेले, कातडी बधिर करणारे मलम आले. आपल्याकडे ते ‘प्रिलॉक्स’ या नावानेही मिळते.

म्हणजे औषध हाताशी आहे. कमी पडतो तो वेळ. मलमाचा जाड थर देऊन वर पारदर्शक पट्टी चिकटवली, की तासाभरात औषध सुमारे 3 मिलिमीटर खोल पोहोचते, दोन तासांत 5 मिलिमीटर. पंधरा मिनिटांत पुसून लेसर सुरू केला, तर मूल रडणारच.

यावर ‘घरूनच लावून या’ हा उपाय सुचवला जातो. पण मुंबईत अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जिथे मिळतात, त्या साकीनाक्याच्या चौकात रिक्षा किती वेळ अडकेल, हे कोण सांगणार? तोवर मूल पट्टी ओरबाडते, तोच हात डोळ्याला लावते. हे मलम डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होऊ शकते.

मात्रेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. तीन महिन्यांखालच्या किंवा 5 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जास्तीत जास्त 1 ग्रॅम मलम, तेही 10 चौरस सेंटिमीटरवर आणि एकच तास. त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाला 2 ग्रॅम. प्रिलोकेन जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ निळसर पडतात. मोठ्यांनाही धोका आहेच. लेसरने केस काढण्यापूर्वी पायांना तीव्र मलम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणी अमेरिकेत दगावल्या. 2007 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावरून जाहीर इशारा दिला.

म्हणून मलम दवाखान्यातच, मुलाचे वजन करून, वेळ लिहून लावले गेले पाहिजे. गर्दीची सबब इथे टिकत नाही. एका मुलाचे मलम मुरत असताना दुसऱ्याचा लेसर होऊ शकतो. यंत्र अडून राहत नाही. लागते ती एक खोली, एक परिचारिका आणि भिंतीवरचे घड्याळ. एवढे महापालिकेच्या रुग्णालयांनाही जमण्यासारखे आहे. डाग मोठा किंवा पापणीलगतचा असेल, तर नुसत्या मलमावर न विसंबता भूलतज्ज्ञाचा सल्ला घ्यायलाच हवा.

आईवडिलांनीही संकोच न करता विचारावे: मलम कोण लावणार, किती ग्रॅम, किती वेळ ठेवणार? समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय मुलाला लेसरखाली देऊ नये.