थप्पड कुणाला, टाळ्या कुणाला

कार्टूनमध्ये नुसती मारझोड असते, मुलांच्या मोबाइलमधून ती काढून टाका, अशी मागणी सौंदडला या आठवड्यात पालकांच्या एका बैठकीत झाली. त्याच बैठकीत स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी एक गाणं पसंत पडलं. त्यात नायक नायिकेची वाट अडवतो, ओढणी धरतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ती लाजून हसायला लागते. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. पूर्वी एका लेखात टॉम-जेरीची बाजू घेतल्याने माझ्यावर रागावलेल्या वाचकांना म्हणूनच पुन्हा एका कार्टूनकडे नेतो आहे.

'अल्जीअर्स' या 1938 च्या प्रेमपटात शार्ल बोये हा लाडिक बोलणारा नायक होता. त्याची नक्कल करून चक जोन्सने 1945 मध्ये पेपे ल प्यू उभा केला. हा प्रेमवीर म्हणजे अंगाला असह्य घाण येणारा स्कंक. पेपेच्या 1949 च्या 'फॉर सेंटिमेंटल रीझन्स' या कार्टूनला ऑस्कर मिळालं. पॅरिसच्या अत्तराच्या दुकानात एका काळ्या मांजरीच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटतो आणि पेपे तिला आपल्यातलीच समजून मागे लागतो. ती जीव घेऊन पळते, काचेच्या कपाटात स्वतःला कोंडून घेते. मग हा पिस्तूल काढून आडोशाला जातो. गोळीचा आवाज येतो, ती घाबरून बाहेर धावते ती थेट त्याच्या मिठीत. नेम चुकला, असं तो खुशाल सांगतो.

आता 'रांझणा' (2013) आठवा. शाळकरी कुंदन झोयाच्या मागे लागतो, थपडांवर थपडा खातो आणि शेवटी तिच्यासमोर मनगट कापून घेतो. ती त्याला मिठी मारते. डाव तोच. कार्टून त्याला डाव म्हणूनच दाखवतं, सिनेमा त्याला रहमानचं संगीत देतो. पेपेची घाण पडद्यावर सगळ्यांना दिसते, एकट्या त्यालाच कळत नाही. शेवटी तर फासे उलटतात. मांजरीला सर्दी होऊन वास कळेनासा होतो, निळ्या रंगात भिजलेला पेपे तिला आवडतो आणि ती दाराला कुलूप लावून त्याला कोंडते. पाठलाग सोसणाऱ्याचा जीव कसा कासावीस होतो, हे तेव्हा त्याला कळतं. कुंदनवर अशी पाळी कधीच येत नाही. तो मरतो आणि आपण त्याच्यासाठी रडतो. 2025 मध्ये तर दिग्दर्शकाचा विरोध डावलून एआयने तमिळ आवृत्तीचा शेवट बदलला आणि त्याला जिवंत ठेवलं गेलं.

2021 च्या 'स्पेस जॅम' चित्रपटातून मात्र पेपेला वगळलं. मला तो निर्णय साफ चुकीचा वाटतो. ज्याने प्रेमवीराचं पितळ उघडं पाडलं, त्यालाच घराबाहेर काढलं.

झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रेक्षकाला प्रेम आणि पाठलाग यांतला फरक शिकवावा लागत नाही, असं मी नेहमी म्हणतो. कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती ज्या रंगभूमीमुळे, तिथे मंडईतल्या नाटकाच्या रात्री मार कुणाला पडायला हवा हे मागच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

कार्टून पाहून कुणी मांजरीच्या मागे लागत नाही. साकोलीला कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलींना मात्र विचारा, एसटी थांब्यावर पोरं कुठले संवाद मारतात. पालकहो, पेपेचं हे सात मिनिटांचं कार्टून मुलांसोबत बसून पाहा आणि स्नेहसंमेलनाचं ते गाणं बदला.