गोंडाचे पोर मुके का?

गिरणी कामगार बंधूंनो! 1 मे 1960 चे मराठी राज्य आपण झगडून मिळवले. कशासाठी? शाळेत, कोर्टात, कचेरीत आपल्या माणसाला आपल्या भाषेत तोंड उघडता यावे म्हणून. मग चांदा-गडचिरोलीच्या रानात गोंड-माडियाचे पोर शाळेत मुके का बसते?

तिकडे सिरोंच्यात तेलुगू चालते. फाळणीत घरदार गमावलेले बंगाली 1960 च्या दशकात तिथे वसवले गेले. काहीजण ओरडतात, "खिचडी झाली, मराठीपण बुडाले!" आम्ही विचारतो, आपल्या साचेखात्यात तेलुगू पद्मशाली नव्हता काय? त्याने विणलेल्या कापडावर त्याची भाषा उमटली काय?

आणि गोंड तर पाहुणा नव्हेच! चांद्याचा परकोट गोंड राजांचा. इंग्रजांशी लढून बाबूराव शेडमाके 1858 साली तिथेच फासावर गेले. तरी आठव्या अनुसूचीत 2003 साली संथाळी, बोडो बसल्या. गोंडी अजून दाराबाहेर!

दिल्लीची दडपशाही आपण मानली नाही. मग रानातल्या माणसावर ती आपण का लादावी? दमदाटीने शिकवलेली भाषा अंगी लागत नाही. ज्याला मान मिळतो, तो आपणहून आपला होतो. म्हणून आमची मागणी: पोराची पहिली शाळा गोंडीतून, जोडीला मराठी!