खुराडं घरापासून लांब गेलं तेव्हा

कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांत कोंबड्यांचं खुराडं घराला चिकटूनच असायचं. पडवीच्या कोपऱ्यात, नाहीतर ओट्याच्या जोत्यातच सोडलेली एक पोकळी, तिच्या तोंडाला फळी आणि फळीला टेकवलेला चिरा. पिल्लंवाली कोंबडी डालग्याखाली, डालग्यावर दगड. रात्री आत फडफड झाली की पडवीत झोपलेलं म्हातारं माणूस खाकरायचं, काठी आपटायचं, वेळ पडली तर उठायचं. जाळी नव्हती, कुलूप नव्हतं. दोन हातांवर माणूस होतं.

आता पडवीला ग्रिल आलं, खाली टाइल्स आल्या आणि कोंबड्या परड्याच्या टोकाला गेल्या. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. वास होता, पिसवा होत्या, आणि त्या कोंदट पोकळीत मानमोडी शिरली की चार दिवसांत खुराडं रिकामं व्हायचं. पण माणसाच्या जागेपणाने जे काम फुकट होत होतं, ते आता तारेकडून करून घ्यायचं आहे. आणि तार विकत घेताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते कोंबडी. असायला हवं ते तिचं गिऱ्हाईक.

आमच्या शेजारच्या काकी यंदा पावसाआधी नवं खुराडं बांधून घेतायत. मुलाने मुंबईहून येताना षटकोनी भोकांच्या पातळ जाळीचं भेंडोळं आणलं. काकींनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "ही जाळी कोंबड्यांका आत ठेवतली, मुंगसाक भायर ठेवची नाय." मुलाला राग आला, पण काकींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ती जाळी पक्ष्याने बाहेर जाऊ नये म्हणून असते. कुत्रा ती दातांनी फाडतो, घूस कुरतडते, आणि सापाला तर ती जाळी आहे हे कळतही नसावं. लागते ती अर्ध्या इंची चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी. महाग पडते. म्हणून निदान खालचे दोन-तीन फूट आणि हवेच्या खिडक्या तरी तिने झाकाव्यात. समुद्राकाठी खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तारेला फार दिवस जगू देत नाही, तेव्हा दर गणपतीआधी सगळ्या कडा बोटाने दाबून पाहायच्या. गंज जमिनीलगत आधी लागतो, आणि चोरही तिथूनच येतो.

घूस भिंतीपाशी येऊन उकरायला लागते. कुत्राही तसाच. म्हणून जाळी भिंतीपाशी फूटभर खोल पुरतात. जांभ्याच्या जमिनीत फूटभर चर खणायचा म्हणजे पहारीचं काम. त्यापेक्षा जाळीचा दीड फुटी पट्टा भिंतीपासून बाहेर जमिनीवर आडवा पसरायचा, वर माती आणि चिऱ्याचे तुकडे टाकायचे. उकरणारा भिंतीला नाक लावून उकरतो, त्याच्या पंज्याला तार लागते. दीड फूट मागे सरून सुरुंग लावावा इतकी अक्कल त्याला सहसा सुचत नाही.

मुंगूस दिवसाचा. दुपारी घरातली माणसं लवंडली की तो येतो. रात्रीच्या पक्क्या दाराचा त्याच्यापुढे उपयोग शून्य, कारण तो येतो तेव्हा कोंबड्या बाहेर चरत असतात. रानमांजर, कोल्हा आणि उदमांजर हे रात्रीचे. उदमांजराला कौलं सरकवता येतात, त्यामुळे खाली किल्ला आणि वर सुटी कौलं असला प्रकार नको. आणि बसायचे दांडे जाळीपासून हातभर आत हवेत. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला मांजर बाहेरूनच पंजा घालून ओढतं. आकाशातून घार आणि शिक्रा. त्यांच्यासाठी किनाऱ्याकडे मासेमारीची टाकाऊ जाळी चरण्याच्या जागेवर ताणतात. युक्ती नामी आहे, फक्त तिच्या कडा जमिनीवर लोळू देऊ नयेत. नायलॉनमध्ये धामण अडकते आणि तडफडून मरते. धामण उंदीर खाते. ती मेली तर उंदरांचीच सोय.

सापाबद्दल बोलायचं तर उंदरांपासूनच सुरुवात करावी लागते. खुराड्यात सांडलेला कणीकोंडा उंदीर आणतो, उंदीर नाग आणतो, आणि आत आलाच आहे तर तो पिल्लंही खातो. रात्री खाण्याचं भांडं आत ठेवलं नाही तर निम्मा साप तिथेच कमी होतो.

सकाळी दार उघडल्यावर आठ कोंबड्या मरून पडलेल्या आणि नेलेली एकच, हे ज्याने पाहिलंय तो जनावराला क्रूर म्हणतो, सूड घेतला म्हणतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली अशा जास्तीच्या शिकारीवर एक निबंध लिहिला. काळोख्या रात्री कोल्हे कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत शिरायचे. पक्षी उडायचे नाहीत, आणि कोल्हे खाण्याच्या कितीतरी पट मारून जायचे. समोरचं भक्ष्य पळत नाही तोवर शिकाऱ्याची झडप थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती दांड्यावर बसून राहते, आणि खुराड्याला दुसरं दार नसतं. म्हणजे एक फट राहिलेलं खुराडं फणसाच्या फांदीपेक्षा वाईट. फणसावर बसणारी गावठी तलंग निदान एकटी मरते. अर्धवट पक्कं बांधण्यापेक्षा न बांधणं बरं, असं मी काकींच्या मुलाला म्हणालो. त्याला ते फारसं आवडलं नाही.

राखणीला कुत्रा पाळा, असा सल्ला हमखास मिळतो. कोल्ह्यासाठी ठीक. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे खुराड्याशी साखळीने बांधलेला कुत्रा हा पहारेकरी नव्हे.

परसातल्या कोंबड्या ही किरकोळ बाब नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरात त्या 31 कोटी 70 लाखांवर होत्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ 46 टक्क्यांनी जास्त. त्यांचा पैसा बहुधा बाईच्या हातात येतो: मिठामिरचीचा, एसटीचा, नातवाच्या वहीचा. खुराड्याचा खर्च मात्र घरातला पुरुष ठरवतो, आणि पहिली काटछाट जाळीत होते. पत्रे मात्र रंगीत येतात.

काकींनी दार बाहेर उघडणारं करून घेतलं, म्हणजे बाहेरून कुणी ढकललं तर ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. कडीला खिटी घातली. जागेवरून मात्र घरात दोन दिवस वाद झाला. मुलाला खुराडं परड्याच्या टोकाला, माडांखाली हवं होतं. काकींनी ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लावायला लावलं, त्यांच्या अंथरुणापासून भिंतीपलीकडे. सुनेने वासाची तक्रार केली. दर आठवड्याला खालचं भाताचं तूस बदलायचं आणि ते मुलाने बदलायचं, या अटीवर तिने मान्य केलं. मुलगा सोमवारी मुंबईला परत जातोय. तूस कोण बदलणार, ते अजून ठरायचं आहे.