ओपन सोर्स सॉफ्टवेअर विका, पण ग्राहकाला कुलूप लावू नका



चिखली घ्या, मेहकर घ्या, खामगाव घ्या, कुठेही बॅच असली की कॉम्प्युटर शिकलेली दोन-चार पोरं भेटतातच. त्यांच्या डोक्यातला धंदा बहुतेक एकच असतो. नेटवरून ओपन सोर्स बिलिंग सॉफ्टवेअर उतरवायचं, लोगो बदलायचा, आपल्या फर्मचं नाव टाकायचं आणि तालुक्यातल्या दुकानदारांना विकायचं. चालतं का सर?

व्हिडिओत एका वाक्यात उत्तर दिलंय: विकणं चालतं, लपवणं चालत नाही. इथे जरा खोलात जाऊ, कारण यात पोरांचे पैसे अडकतात आणि दुकानदाराचा हिशेबही अडकतो.

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं घेऊ. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, स्टॉक, खरेदी-विक्री असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये ही कंपनी सुरू केली. आज जगभरातल्या कंपन्या ते वापरतात, आणि तरी सोर्स कोड कुणालाही उतरवता येतो. त्यावर लायसन्स आहे जीपीएल, तिसरी आवृत्ती. ह्याच प्रकाराला कॉपीलेफ्ट म्हणतात.

कॉपीलेफ्ट समजायला घरातलं विरजण आठवा. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं आणि आपल्या पातेल्यात घातलं, की सगळ्या दुधाचं दही होतं. त्यातलं अर्धं दूध परत मागता येत नाही. जीपीएलचा कोड तुमच्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला, तर अख्ख्या प्रोग्रॅमला जीपीएल लागू होतं. दूध वेगळ्या भांड्यात असेल तर मात्र त्याला काही होत नाही. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम खरोखर स्वतंत्र आहे, जीपीएलवाल्याशी फक्त माहितीची देवाणघेवाण करतो, तर सहसा तो तुमचाच राहतो. "खरोखर" हा शब्द महत्त्वाचा. नुसत्या दोन फाइली वेगळ्या ठेवल्या म्हणजे भांडी वेगळी होत नाहीत.

आता समजा, तुम्ही ईआरपीनेक्स्टमध्ये बदल करून कृषी केंद्रासाठी सॉफ्टवेअर बनवलं. बियाण्याचा लॉट नंबर, औषधाची एक्स्पायरी, पीक आल्यावर फिटणारी उधारी, सगळं बसवलं. वीस दुकानांत प्रत्येकी पंधरा हजाराला टाकलं. पंधरा काय, पन्नास हजार घ्या, किमतीवर जीपीएलचं बंधन नाही. पण ज्याच्या कॉम्प्युटरवर तुम्ही ते टाकलं त्याला तुमच्या बदलांसकट सोर्स कोड मिळाला पाहिजे, लायसन्सची प्रत मिळाली पाहिजे, आणि मूळ लेखकांची कॉपीराइटची नोंद पुसता येत नाही. "कॉपी करायची नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही" अशी ओळ ॲग्रीमेंटमध्ये टाकली तर ती थेट लायसन्सच्या विरोधात जाते.

एक गैरसमज इथेच काढून टाका. सोर्स जगाला वाटावा लागतो असं नाही. ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला द्यायचा. तुम्ही बदल करून फक्त स्वतःच्या दुकानात वापरलं, तर कुणालाच द्यावा लागत नाही.

यावर पोरं लगेच म्हणतात, "सर, मग गिऱ्हाइकानं तो कोड दुसऱ्याला दिला आणि त्यानं निम्म्या भावात विकला तर?" विकू शकतो. तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्ही मूळ कोड ज्या हक्कानं घेतला तोच हा हक्क. मी गोड बोलून हे झाकणार नाही. पण माझं दुकान सांभाळून मी एवढं पाहिलंय की तालुक्याच्या गावात दुकानदार कोडचे पैसे देत नाही. जूनमध्ये पेरणीची गर्दी असताना बिल निघेनासं झालं तर रात्री आठला कोण येईल, याचे देतो. मुनीमजींना शिकवायचे देतो, जीएसटीचा नियम बदलला की दुरुस्तीचे देतो. फ्रॅपे कंपनी स्वतः कोड मोकळा ठेवून होस्टिंग आणि सपोर्टवर कमावते. मुंबईत जमतं ते चिखलीत जमेल का? माझ्या मते जास्त जमेल, कारण इथे ओळखीवर धंदा चालतो.

उलट कुलूप लावणाऱ्यांचं काय होतं बघा. आमच्याच ओळखीतल्या एका दुकानदाराचा सॉफ्टवेअरवाला रिन्यूअलच्या वादात फोन उचलेना. की त्याच्याकडे, बॅकअप त्याच्याकडे, आणि हे सगळं मार्चएंडला. तो दुकानदार आता कुठल्याही नव्या पोराला दारात उभं करत नाही. नुकसान कुणाचं झालं? तुमचं.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. पूर्ण सॉफ्टवेअर उचलणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण काय उचललं. फसतो तो, जो म्हणतो "माझं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय" आणि आत छोटी-छोटी अवजारं टाकत जातो. बिलाची पीडीएफ काढायला आयटेक्स्ट नावाची लायब्ररी जावावाले सर्रास वापरतात. पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, ती एजीपीएलवर आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये वापरायची तर कंपनीकडून व्यापारी लायसन्स विकत घ्यावं लागतं. एका पीडीएफच्या बटणापायी अख्खं सॉफ्टवेअर अडकतं, बाप्पा! त्यापेक्षा ओपनपीडीएफ घ्या, तिच्या अटी सैल आहेत.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडलंय. दक्षिण कोरियाच्या हॅनकॉम कंपनीनं आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये घोस्टस्क्रिप्ट वापरलं, तेही पीडीएफसाठीच. सोर्स दिला नाही, व्यापारी लायसन्सही घेतलं नाही. घोस्टस्क्रिप्टच्या मालकांनी, आर्टिफेक्स कंपनीनं, अमेरिकेत दावा लावला. २०१७ मध्ये कोर्टानं दावा फेटाळायला नकार दिला आणि पुढे प्रकरण तडजोडीनं मिटलं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर साहित्यकृतीत मोडतं. जाणूनबुजून उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलाय. घाबरवत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्याच चुकीची नोटीस आल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती केली तर हक्क परत मिळतात. पण कायदा नाही असं समजून धंद्याला लागू नका.

सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर ठेवून ग्राहकाला फक्त ब्राउझरमधून वापरायला दिलं, तर जीपीएलखाली सोर्स द्यावा लागत नाही, कारण तुम्ही प्रत दिलीच नाही. एजीपीएलनं हीच फट बुजवली. त्यात तुम्ही बदल केले असतील तर नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे. फ्रॅपेचंच 'फ्रॅपे बुक्स' एजीपीएलवर आहे, म्हणून एका कंपनीचं म्हणून सगळं सारखं धरू नका.

आणि ओबीएसवर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ किंवा गिंपमध्ये केलेला फ्लेक्स तुमचाच असतो. तिथे कॉपीलेफ्ट येत नाही. हा प्रश्न खूप जण विचारतात म्हणून मधेच सांगितलं.

ज्यांना कोड बंदच ठेवायचाय, त्यांनाही मी नाही म्हणत नाही. तुमची खरी कमाई कोडमध्येच असेल तर पाया तसा निवडा. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सवर आहे. ते घेऊन त्यावर स्वतःचं ॲप लिहा, लायसन्सची नोट तेवढी ठेवा, बाकी कोड बंद ठेवला तरी चालतं. जँगो बीएसडीवर आहे, एसक्यूलाइट तर सार्वजनिक मालकीचं. फक्त ईआरपीनेक्स्टचा कोड त्यात ओढू नका.

नावाचंही तेच. कोडचं लायसन्स मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं नाही. बोर्डावर "ईआरपीनेक्स्टवर आधारित सेवा" लिहिणं वेगळं आणि आपणच ती कंपनी असल्यासारखं लिहिणं वेगळं.

आता कोटेशन बनवायला बसाल तेव्हा सॉफ्टवेअरची एकच मोठी रक्कम टाकू नका. पहिल्या ओळीत लिहा: ईआरपीनेक्स्ट, जीपीएल तिसरी आवृत्ती, बदलांसह सोर्स कोड पेनड्राइव्हवर. दुसऱ्या ओळीत बसवणं, जुना स्टॉक भरणं आणि दोन माणसांचं प्रशिक्षण, त्याची रक्कम. तिसऱ्या ओळीत वर्षाची सेवा: किती भेटी, फोन किती वाजेपर्यंत, बॅकअप कुणाकडे. बॅकअपसमोर दुकानदाराचं नाव लिहा.